रतनगडाच्या सोंडेवरचं जुनं रान

राहाता तालुक्यात वर्षाला पाऊस पडतो तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास. एवढ्या पावसावर बाजरी येते. ऊस येत नाही आणि पेरूच्या बागाही उन्हाळ्यात तग धरत नाहीत. तरी शिर्डीहून नगरकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना हिरवं दिसतं, ते कालव्यांमुळे. राहाता गावाभोवती गोदावरीचा उजवा कालवा आणि तालुक्याच्या दक्षिण अंगाला, लोणी, बाभळेश्वर, कोल्हारकडे, प्रवरेचा डावा. लोणीच्या सहकारी साखर कारखान्याचा 1950-51 चा पहिला गळीत हंगाम झाला तो या प्रवरेच्या पाण्यावर वाढलेल्या उसावर.

प्रवरेचं पाणी कुठून येतं असं विचारलं, तर शाळकरी पोरगंसुद्धा भंडारदरा म्हणून सांगेल. पण धरण हा झाला साठा. पाणी येतं त्याच्याही वरून. राहात्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, संगमनेर, अकोले, राजूर मागे टाकून सह्याद्रीच्या ऐन कण्यावर गेलं की घाटघर आणि रतनवाडी लागते. जिल्हा तोच, अहिल्यानगर. पाऊस मात्र पाच हजार मिलिमीटर, एखाद्या वर्षी त्याहूनही जास्त. एकाच जिल्ह्याच्या दोन टोकांत पावसाचा दहापट फरक असला, की त्या दोन टोकांचे लोक एकमेकांना फारसे ओळखत नाहीत. राहात्याचा माणूस भंडारदऱ्याला जातो तो धबधबे बघायला किंवा मे-जूनमध्ये काजवे बघायला, आणि शेंडी गावात जेवून परत येतो. धरणाच्या पाठीमागे, पाण्याच्या पार टोकाला रतनगड उभा आहे, त्याच्या अंगावर एक जुनं रान आहे आणि त्या रानातून एक खडी सोंड वर चढते, हे त्याच्या गावीही नसतं.

जुनं जंगल म्हटलं की हल्ली डोळ्यांपुढे येतं ते कॅलिफोर्नियातलं रेडवूडचं. पुण्या-नगरची मुलं बे एरियात नोकरीला लागली, की पहिल्या वर्षभरात आईवडिलांना म्युर वूड्स दाखवतात आणि बुंध्याशी उभं करून फोटो काढतात. फोटोत माणसं असतात, बुंधा असतो. झाड मावत नाही. रेडवूड हे जगातलं सर्वांत उंच वाढणारं झाड. 2006 साली सापडलेलं एक झाड 115 मीटरहून उंच भरलं. तोडलेल्या खोडांवरची वलयं मोजून काढलेलं सर्वाधिक वय 2,200 वर्षांच्या आसपास जातं. अशा झाडांखालून चालणाऱ्याला कुणी सांगावं लागत नाही, की हे प्राचीन आहे.

रतनगडावर ते सांगावं लागतं. इथलं झाड फार तर दहा-पंधरा मीटर उंच. बुंधे वाकडे, गाठाळ. कितीदा एकाच बुडातून चार-पाच खोडं फुटलेली. सरळसोट, भव्य असं काही नाही. नवखा ट्रेकर या पट्ट्यातून जातो तेव्हा त्याला एवढंच जाणवतं, की बरं झालं, सावली आहे. पण वनस्पतिशास्त्रज्ञ याच रानाला उत्तर सह्याद्रीच्या सदाहरित आणि निमसदाहरित जंगलाचा उरलेला तुकडा म्हणतात आणि असे तुकडे आता मोजकेच राहिलेत: भीमाशंकर, महाबळेश्वर, आहुपे-हरिश्चंद्रगडाचा पट्टा आणि हा. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य 1986 साली जाहीर झालं, ते इथल्या रानासाठीच. 2012 साली युनेस्कोने पश्चिम घाटातल्या स्थळांना जागतिक वारसा ठरवलं, तेव्हा महाराष्ट्रातून कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी गेली. आपला हा कोपरा राहून गेला.

वाट रतनवाडीतून निघते. गावात अमृतेश्वराचं देऊळ आहे, सुमारे हजार वर्षं जुनं, आणि त्याच्या अलीकडे कोरीव कोनाड्यांची पुष्करणी. बहुतेक लोक इथूनच परत फिरतात. पुढे वाट प्रवरेच्या पात्राला धरून जाते. इथे तिला नदी म्हणवत नाही. गोटे, कातळ आणि मधे पाण्याचा धागा. वाट तो दोन-चार वेळा ओलांडते. पावसाळा संपून दोन-तीन महिने झाले, की पात्रात डोह तेवढे उरतात. त्यानंतर रान सुरू होतं ते एकदम, उन्हातून घरात शिरल्यासारखं.

हे रान नेमकं इथेच का, हे समजून घ्यायला डोंगराची घडण पाहावी लागते. सह्याद्री लाव्हाचा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा वाहिला आणि थरावर थर साचले. सगळे थर सारखे निघाले नाहीत. काही घट्ट, कठीण. काही सच्छिद्र, ठिसूळ. आणि दोन थरांच्या मधे कुठे कुठे तांबड्या मातीचा पातळ पट्टा. पुढे पावसाने डोंगर कोरला तो या फरकाप्रमाणे. कठीण थराचा सरळ कडा झाला, मऊ थराचा उतार झाला. म्हणून सह्याद्रीचा कुठलाही डोंगर लांबून पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. कड्याखालच्या या उताराला डोंगरवाटांवर फिरणारे लोक पदर म्हणतात. वरच्या कड्यातून सुटलेले धोंडे, माती, पालापाचोळा शेकडो पावसाळे या पदरात येऊन पडतात. शिवाय वरच्या खडकाच्या भेगांतून झिरपलेलं पाणी खालच्या घट्ट थराला अडतं आणि कड्याच्या पायथ्याशी पाझरतं. किल्ल्यांवरची टाकी खोदणाऱ्यांना ही गोष्ट नीट कळली होती. माती आणि ओल ही दोन्ही जिथे एकत्र येतात, ती जागा म्हणजे पदर; झाडं तिथेच दाटतात. वर माथ्यावर गवत, खाली सपाटीला भातखाचरं, आणि मधे कंबरेला गुंडाळलेलं हे रान.

आत शिरलं की ओळखीची झाडं आधी भेटतात. जांभूळ, आंबा, हिरडा, बेहडा, उंबर, सादडा. मग अंजनी. उत्तर सह्याद्रीच्या सदाहरित रानाची खरी मालकीण हीच. पानं जाडसर, चकचकीत, वर्षभर हिरवी. लाकूड इतकं घट्ट की कोयता टणकन उसळतो. एप्रिलच्या सुमाराला तिच्या फांद्यांना निळ्या-जांभळ्या बारीक फुलांचे झुबके चिकटून येतात आणि हिरवं झाड आठवडाभर निळं होऊन जातं. अंजनी फार सावकाश वाढते. मांडीएवढं खोड दिसलं तर ते आपल्या आजोबांच्या वेळचं समजायला हरकत नसावी. फांद्यांवर शेवाळ, नेचे आणि आमरी. ही आमरी म्हणजे ऑर्किड. ती झाडाचं रक्त शोषत नाही, नुसती बसायला जागा घेते. झाडावर उगवलं ते सगळं बांडगूळ, हा आपल्याकडचा सरसकट समज तिच्यावर अन्याय करतो.

पाच हजार मिलिमीटर पाऊस मिळूनही ही झाडं एवढी बुटकी का? केरळात याहून कमी पावसाच्या ठिकाणीही झाडं तीस-चाळीस मीटर जातात. पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेतल्या पास्कल या शास्त्रज्ञाने 1980 च्या दशकात पश्चिम घाटाच्या जंगलांचे नकाशे केले, तेव्हा याचं उत्तर ठळकपणे पुढे आलं. पाऊस किती, याच्याइतकंच तो किती महिन्यांत, हे महत्त्वाचं. दक्षिण केरळात कोरडे महिने दोन-तीन. उत्तरेकडे सरकावं तसे ते वाढत जातात, आणि आपल्या अक्षांशावर वर्षाचे सात-आठ महिने आभाळातून थेंब नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत झाडाला नको इतकं पाणी, आणि ऑक्टोबरपासून मेपर्यंत नुसती वाट बघणं. त्यात माती पातळ, आणि पावसाळ्यातला वारा असा की घाटमाथ्यावर झाडाने मान वर काढायची सोय नाही. अशा ठिकाणी सदाहरित राहणं हेच मोठं कसब आहे. पानगळीची झाडं सरळ पानं टाकून झोपी जातात. अंजनी आणि जांभूळ जाड पानांतलं पाणी जपत, मुळं खडकाच्या फटींत खोल घालून आठ महिने जागी राहतात.

रेडवूडशी तुलना करायचीच, तर ती उंचीवर न करता इथे करावी. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालाही कोरडा काळ लांबलचक असतो. तिथे उन्हाळाभर पाऊस नाही. पण थंड समुद्रावरून धुकं येतं ते नेमकं त्या कोरड्या महिन्यांतच. धुक्याचे कण रेडवूडच्या सुईसारख्या पानांवर साचतात, ठिबकून मुळाशी पडतात, काही तर पानंच पिऊन टाकतात. उत्तर कॅलिफोर्नियात 1990 च्या दशकात झालेल्या एका अभ्यासात, जंगलाला वर्षभरात मिळणाऱ्या पाण्यातला सुमारे तिसरा हिस्सा धुक्याच्या ठिबकण्यातून आलेला आढळला. धुकं आपल्याकडेही काही कमी नाही. जुलै-ऑगस्टात रतनगड आठवडेच्या आठवडे ढगात असतो. पण ते येतं ऐन पावसात, जेव्हा झाडाला त्याची गरज नसते. त्या धुक्यावर फांद्यांवरचं शेवाळ आणि आमरी जगतात. झाडाच्या एप्रिल-मेची सोय त्याने होत नाही. तिथलं झाड शंभर मीटर जातं आणि इथलं बारावर थांबतं, यामागे ऋतूंचं हे वेळापत्रक बरंच आहे.

मग वय कसं ओळखायचं? समशीतोष्ण प्रदेशातलं झाड हिवाळ्यात थांबतं, उन्हाळ्यात वाढतं, म्हणून खोडात वर्षाला एक वलय पडतं. आपल्याकडे सागात अशी वलयं स्पष्ट दिसतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी दक्षिणेतल्या जुन्या सागांच्या वलयांवरून शेकडो वर्षांपूर्वीच्या पावसाचा अंदाज बांधला आहे. पण सदाहरित झाडांची वलयं धूसर, अर्धवट, भरवशाची नाहीत. त्यामुळे अंजनीचं वय वलयांवर ठरत नाही. रानाचं जुनेपण वेगळ्या खुणांवरून वाचावं लागतं. सावकाश वाढणाऱ्या जातींचं प्रमाण किती, मनगटाहून जाड वेल आहेत का, पडलेली खोडं जागेवर कुजताहेत का, पाचोळ्याखालची माती काळी आणि भुसभुशीत आहे का. या खुणा रतनगडाच्या पदरात आहेत.

आणि एका बुडातून फुटलेली ती चार-पाच खोडं? ती माणसाची खूण. सह्याद्रीत भाताचं आणि नागलीचं रोप करायचं तर आधी राब भाजतात. झाडांच्या फांद्या तोडून वाफ्यावर पसरायच्या, वर गवत, शेण, मातीचा थर द्यायचा आणि पावसाआधी पेटवून द्यायचं. राखेवर रोप जोमदार येतं आणि तण येत नाही. या फांद्या सादड्यासारख्या झाडांच्या. वर्षानुवर्षं छाटलेलं झाड मग शेंडीवाल्या खांबासारखं उभं राहतं. इंग्रजांच्या वनखात्याने राबावर बंधनं आणली तेव्हा ठाणे-कुलाब्यात एवढी ओरड झाली, की मुंबई सरकारला 1885 मध्ये आयोग नेमावा लागला. खात्याचं म्हणणं, लोक जंगल खातात; लोकांचं म्हणणं, राबाशिवाय आम्ही खाऊ काय? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं. गंमत अशी, की बुडाशी तोडलं तरी इथली झाडं मरत नाहीत. बुंध्यातून नवे धुमारे येतात, त्यांची खोडं होतात. वरचं खोड साठ वर्षांचं असेल, खालचं मूळ कितीतरी जुनं असू शकतं. रेडवूडचंही असंच आहे. शंकूधारी झाडांत हा गुण दुर्मीळ. पण जुना रेडवूड पडला, तोडला किंवा जळला की त्याच्या बुडाभोवती गोलाकार नवी झाडं उभी राहतात. त्या झाडांची उंची बघून माणूस थक्क होतो, आणि त्यांच्या पायाखालचं मूळ त्याहून किती जुनं आहे हे त्याच्या लक्षात येत नाही.

रतनगडाच्या वाटेवर एका ठिकाणी फाटा फुटतो. एक वाट कात्राबाईच्या खिंडीतून हरिश्चंद्रगडाकडे जाते, दुसरी गडाकडे. इथून पदराचा सुखाचा भाग संपतो आणि सोंड सुरू होते. सोंड म्हणजे मुख्य डोंगरातून खाली उतरलेली निमुळती धार. दोन्हीकडे उतार, मधे वाट. डोंगर चढायला सोंडच का निवडतात, हा प्रश्न नवख्याला पडतो, कारण घळीतून, म्हणजे नाळेतून, गेलं तर वाट जवळची वाटते. पण नाळ म्हणजे पाण्याचा आणि धोंड्यांचा रस्ता. वरून सुटलेलं सगळं तिथूनच खाली येतं. सोंडेवर पाणी साठत नाही, दरड येत नाही, आणि दोन्ही अंगांचं दिसत राहतं. जनावरांनी, मग गुराख्यांनी, मग किल्लेदारांनी ती का धरली ते यावरून कळावं.

सोंडेच्या दोन्ही अंगांना कारवी. माणसापेक्षा उंच, करंगळीएवढ्या जाड काटक्यांचं हे झुडूप सह्याद्रीचे खडे उतार धरून ठेवतं. ठाकर-महादेव कोळी यांच्या घरांच्या कुडाच्या भिंती याच काटक्यांच्या, वरून शेणमातीने लिंपलेल्या. कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते, सगळी एकदम. मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात ती 2008, 2016 आणि 2024 साली फुलली. डोंगराडोंगरांत वर्ष थोडं मागेपुढे होतं. सात वर्षं नुसती वाढायची, आठव्या वर्षी जांभळ्या फुलांनी डोंगर झाकायचा, मधमाश्यांना मध द्यायचा आणि मरून जायचं. वाळलेली बोंडं पुढच्या पावसाच्या पहिल्या सरींत भिजली की फटफट फुटतात आणि बी उडतं. कारवी मेली त्या वर्षी उताराची माती काही काळ उघडी असते. त्याच वेळी तिथून गर्दी चालली तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

चढ साधारण पाचशे मीटरचा, वेळ अडीच-तीन तास. आकडा मोठा नाही. कळसूबाई याहून जास्त दमवते. पण सोंडेचा शेवटचा टप्पा अंगावर येतो. इथे दोन-तीन गोष्टी कळलेल्या बऱ्या. पाऊल छोटं टाकावं आणि शक्यतो पूर्ण टेकवावं. चवड्यांवर चढणाऱ्याच्या पोटऱ्या अर्ध्या वाटेत बोलायला लागतात. घसारा, म्हणजे बारीक मुरूम आणि सुटे खडे, चढताना त्रास देत नाही, उतरताना देतो. उतरताना गुडघे किंचित वाकवून, अंग मागे न टाकता यावं. बहुतेक माणसं घाबरून मागे रेलतात आणि त्यामुळेच घसरतात. कारवीची ओली काटकी आधाराला चालते, वाळकी हातात येते. कड्यांना आग्या मोहोळं असतात, म्हणून धूर, अत्तर आणि आरडाओरडा टाळावा. डोंगरांवर झालेल्या अपघातांत या माश्यांचा वाटा लोकांना वाटतो त्याहून बराच जास्त आहे.

सोंड कड्याला जाऊन भिडते तिथे लोखंडी शिड्या लागतात. शिड्या चढून गणेश दरवाजा, पुढे रत्नादेवीची गुहा, आणि गडाच्या माथ्यावर नेढं, म्हणजे कातळाला आरपार पडलेलं भोक. कड्यातला मऊ भाग झिजून गळून पडला आणि कठीण भाग कमानीसारखा राहिला. नेढ्यात बसलं की वारा बोलू देत नाही. माथा सुमारे 1,300 मीटर. उत्तरेला अलंग, मदन, कुलंग आणि 1,646 मीटरची कळसूबाई. दक्षिणेला कात्राबाई आणि आजोबा. पूर्वेला भंडारदऱ्याचं पसरलेलं पाणी. पश्चिमेला जमीनच नाही, सरळ कोकण. या धारेच्या पश्चिमेला पडलेला थेंब एका दिवसात अरबी समुद्राची वाट धरतो. पूर्वेला पडलेला प्रवरेतून प्रवरासंगमला गोदावरीत, आणि तिथून आंध्र ओलांडून बंगालच्या उपसागरात. किंवा, कालव्याचं आवर्तन चालू असेल तर, लोणीच्या उसात.

हा मुलूख अडचणीचा म्हणून तो लपायलाही सोयीचा होता. अकोल्याच्या देवगावचे राघोजी भांगरे याच रानांच्या आधाराने इंग्रजांशी आणि सावकारांशी लढले. 2 मे 1848 रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. आणि अडचणीचा म्हणूनच इथलं रानही वाचलं. सपाटीवरचं सगळं नांगराखाली गेलं. पदरातून लाकूड खाली आणणं परवडत नव्हतं, म्हणून तेवढं उरलं. म्युर वूड्सची कथा वेगळी नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासची रेडवूडची रानं एकोणिसाव्या शतकात सफाचट झाली; ही एक घळ पोचायला अवघड म्हणून राहिली. विल्यम केंट या गृहस्थाने ती 1905 साली विकत घेतली. 1907 मध्ये एका पाणीपुरवठा कंपनीने तिथे धरण बांधण्यासाठी ती जमीन मागितली, तेव्हा केंटने ती सरळ सरकारला दान केली आणि 1908 साली ते राष्ट्रीय स्मारक झालं. आपल्याकडे त्याच सुमाराला, 1910 पासून, भंडारदऱ्याचं धरण बांधायला घेतलं होतं. डिसेंबर 1926 मध्ये त्याचं उद्घाटन झालं. ते झालं नसतं तर राहाता-श्रीरामपूरचा पट्टा आज जसा आहे तसा नसता, त्यामुळे केंटची गोष्ट ऐकून आपण धरणाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण रेडवूडची दुसरी एक गोष्ट आहे, ती आपल्या जास्त कामाची.

1968 साली अमेरिकेने रेडवूड राष्ट्रीय उद्यान केलं. रेडवूड क्रीक नावाच्या ओढ्याकाठी जगातली सर्वांत उंच म्हणून गाजलेली झाडं होती. ती वाचवायची म्हणून ओढ्याच्या दोन्ही काठांची जेमतेम किलोमीटरभर रुंदीची चिंचोळी पट्टी उद्यानात घेतली; लोक तिला चेष्टेने किडा म्हणत. वरचे उतार लाकूड कंपन्यांकडेच राहिले आणि त्यांनी तोड चालू ठेवली. काही वर्षांतच वरची माती, खडी, ओंडके पावसाबरोबर ओढ्यात उतरले, पात्र उथळ झालं, काठ खचू लागले आणि खालच्या संरक्षित झाडांच्या मुळांशी गाळ चढला. कायद्याने जपलेलं झाड, वरच्या धारेवर काय चाललंय त्यामुळे धोक्यात आलं. अखेर 1978 साली संसदेला उद्यान सुमारे 48 हजार एकरांनी वाढवावं लागलं. त्यातली बरीचशी जमीन आधीच बोडकी झालेली होती. ती कशासाठी घेतली? उतार सावरण्यासाठी. ओंडके वाहणारे जुने रस्ते उखडून उतार पूर्ववत करण्याचं काम पुढे अनेक दशकं चाललं.

भंडारदऱ्याची साठवण अकरा टीएमसी. त्याखाली निळवंडे, आठ टीएमसीहून थोडी अधिक. त्याच्या डाव्या कालव्याचं लोकार्पण ऑक्टोबर 2023 मध्ये शिर्डीत झालं आणि तालुक्याच्या जिरायती गावांनी पिढ्यान्‌पिढ्या ज्याची वाट पाहिली ते पाणी दिसू लागलं. या दोन्ही धरणांत माती किती येते आणि पाणी किती, हे ठरतं वरच्या उतारांवर. झाडं असली की पाऊस पडतो, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. ते विधान जरा सैल आहे. इथला पाऊस मोसमी वारे आणि सह्याद्रीची भिंत यांच्यामुळे पडतो, आणि झाडं स्वतःही पाणी पितात. पण पडलेला पाऊस जमिनीवर कसा उतरतो, हे मात्र झाडंच ठरवतात. पाचोळ्याखालची भुसभुशीत माती तो झेलते आणि मुरवते. उघड्या उतारावर तोच पाऊस मातीसकट खाली येतो. धरणात एकदा बसलेला गाळ काढणं किती खर्चाचं आणि किती जिकिरीचं, हे आपल्या पाटबंधारे खात्याला पुरतं ठाऊक आहे.

आज रतनगडावर कुऱ्हाडीचा धोका पूर्वीइतका नाही. बुटांचा आहे. शनिवार-रविवारी शिड्यांपाशी रांग लागते. रांगेला कंटाळलेले लोक बाजूने वाट पाडतात. खड्या सोंडेवर वळणं टाळून सरळ उतरलेली प्रत्येक वाट पुढच्या पावसात ओहोळ होते. उपाय अवघड नाही: दर काही पावलांवर वाटेला तिरकी दगडांची ओळ घालून पाणी बाजूच्या झाडीत सोडायचं. जुन्या पायवाटांवर असे बांध आजही दिसतात. प्रवेशाचं शुल्क घेतलं जातंच. त्यातला ठरीव हिस्सा या कामाला आणि ते करणाऱ्या रतनवाडी-साम्रदच्या तरुणांच्या मजुरीला जावा, एवढी मागणी राहात्याच्या पाणीवापर संस्थांनी करायला काय हरकत आहे? काजव्यांचंही तेच. मेच्या अखेरीस सादडा, हिरडा, बेहडा या झाडांवर नर काजवे एका तालात उजळतात, आणि गाड्यांचे दिवे व मोबाइलचे टॉर्च त्यांचा जोडीदार शोधण्याचा खेळ मोडतात. त्यांच्या अळ्या वर्षभर पाचोळ्यात गोगलगाई खाऊन वाढलेल्या असतात. तो पाचोळा आपण वाहनतळ करून दाबून टाकतो.

जंगल राखण्यात ज्यांचा रोकडा फायदा आहे ते लोक मात्र ते राखतात. हिरडा हे इथलं उदाहरण. उन्हाळ्यात महादेव कोळी कुटुंबं कोवळी फळं झाडून, वाळवून बाळहिरडा म्हणून विकतात. औषधांना तो लागतो, कातडी कमावायला आणि रंगाला मोठं फळ लागतं. अकोले, जुन्नर, आंबेगावच्या डोंगरी घरांत पावसाळ्यापूर्वी जे पैसे हाती येतात, त्यांत हिरड्याचा वाटा मोठा. म्हणून राबासाठी फांदी तोडायची वेळ आली तरी हिरड्याला सहसा कोणी हात लावत नाही. सोंडेवरून उतरताना वाटाड्याला विचारलंत, तर तो बोट दाखवून सांगेल की हे झाड कुणाचं, ते कुणाचं, आणि यंदा बाजारात किलोला काय भाव निघाला.